सड्यावरचा कातळ, सकाळचे तिरपे ऊन आणि आखडलेले सांधे

कातळवाट
नमस्कार. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाच्या, सड्यांची (उघड्या कातळपठारांची) छायाचित्रे काढणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्यात कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रे, आहेतच, पण पावसात भरणारी उथळ तळी, भेगांतून उगवणारे गवत, चिरेखाणींच्या (बांधकामाचे चिरे काढण्याच्या खाणींच्या) सरळ कापलेल्या भिंती आणि ज्याच्यावर कोणीही काहीही कोरलेले नाही असा नुसता उघडा कातळही आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाल्यापासून या कामाचे सगळे गणित बदलले आहे आणि त्याविषयी येथील अनुभवी मंडळींशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी आहे. कातळावर कोरलेली रेघ फार खोल नसते. दुपारच्या उन्हात ती जवळजवळ नाहीशी होते. सूर्य क्षितिजाजवळ असतो आणि ऊन दगडाला घासून जाते, तेव्हाच खाचेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि समोर हत्ती किंवा मासा उभा राहतो. म्हणजे उपयोगी प्रकाश दिवसाचा पहिला तास आणि शेवटचा तास. माझ्या आजारात सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात ते नेमके सकाळी. लेन्सचे कडे फिरवणे, ट्रायपॉडचा स्क्रू आवळणे, कातळावर आडवे पडून पुन्हा उठणे, यांतले काहीही सूर्योदयाच्या वेळी सहज होत नाही. एखाद्या पहाटे जिद्दीने गेले तर पुढचे दोन-तीन दिवस घरात पडून काढावे लागतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

"विश्रांती घे, दगड कुठे पळून जात नाही," असे प्रेमाने सांगणारे पुष्कळ आहेत. पण सड्यावरचा दगड खरोखरच जातो. चिरेखाणी वाढत आहेत, कातळ फोडून आणि माती भरून हापूसच्या बागा उभ्या राहत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. गेल्या पावसाळ्यात जिथे अखंड कातळ होता तिथे या वर्षी चौकोनी खड्डा दिसतो. त्यामुळे थांबण्याचीही भीती वाटते आणि न थांबण्याचीही. ज्यांनी दगडांचे छायाचित्रण आणि दीर्घ आजार ही दोन्ही एकत्र निभावली आहेत, त्यांनी वेळ, साधने आणि मन यांची घडी कशी बसवली, हे कृपया सांगावे.

दगडफूल
ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आपलेपणा वाटला. माझे क्षेत्र निघोजचे रांजणखळगे. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टमध्ये पाण्याने फिरवलेल्या गोट्यांनी हे खळगे कोरले आहेत आणि पाणी उतरल्यावरच ते नीट दिसतात, म्हणजे नेमक्या उन्हाळ्यात, जेव्हा तो काळा दगड पायाखाली तापलेला असतो. माझे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. खळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि तिथे वाकून, बसून, पुन्हा उठून काम करणे हीच खरी परीक्षा असते.

मी केलेला मोठा बदल म्हणजे ठिकाणे कमी केली. पूर्वी सांदण दरी, हरिश्चंद्रगड, भीमाशंकरच्या बाजूचे कडे असे सगळे हवे असायचे. आता वर्षानुवर्षे निघोजचाच एक लहान तुकडा टिपतो. आधी ते नाइलाजाने केले, पण त्यातून काम सुधारले असे माझे प्रामाणिक मत आहे. एकाच खळग्यात पाण्याची पातळी, शेवाळ, आतल्या गोट्यांची जागा दर वर्षी कशी बदलते हे मला पूर्वी दिसलेच नसते. तुमच्या सड्यांच्या बाबतीत घाईचा मुद्दा मात्र वेगळा आहे, हे मान्य करतो.

सह्यभटक्या
मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. दगडाचे चांगले छायाचित्र कष्टाशिवाय येत नाही अशी माझी श्रद्धा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या त्या अंतर्वक्र भिंतीवर संध्याकाळचे शेवटचे ऊन पाहायचे तर गड चढावाच लागतो आणि रात्र वर काढावी लागते. त्या थकव्यात पाहणाऱ्याची नजर बदलते. सोय शोधत गेलो की हळूहळू फक्त गाडीरस्त्याच्या कडेचे दगड उरतात आणि मग सगळ्यांचीच छायाचित्रे सारखी दिसू लागतात. आजारपणात काळजी घ्यावीच, पण कष्ट टाळणे हेच कलेचे धोरण होऊ नये.

निर्गुंडी
मी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) क्षेत्रात काम करते आणि संधिवाताचे अनेक रुग्ण रोज पाहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. औषधांचे निर्णय तुमच्या संधिवाततज्ज्ञांचे आहेत, मी केवळ कामाच्या पद्धतीविषयी बोलते.

सह्यभटक्या, निरोगी माणसाचा थकवा आणि या आजारातला थकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी स्नायू श्रमाने दुखतो आणि विश्रांतीनंतर अधिक बळकट होतो. सूज आलेल्या सांध्यावर मात्र पुन्हा पुन्हा जोर दिला तर दुखणे उफाळते आणि ताबा न मिळालेली सूज कालांतराने सांध्याची कायमची हानी करू शकते. तेव्हा कष्टांचा जो आदर्श तुम्ही मांडता तो या शरीराला लागू करता येत नाही.

कातळवाट, तुमच्या लिहिण्यात एक ओळखीचा क्रम दिसतो. बरे वाटले की माणूस सगळी राहिलेली कामे त्या एका दिवसात उरकायला जातो आणि नंतर काही दिवस अंथरुणाला खिळतो. हा झोका मोडणे ही पहिली पायरी. त्यासाठी दुखू लागल्यावर थांबण्याऐवजी ठरवलेल्या वेळी थांबायचे, प्रकाश कितीही सुंदर असला तरी. सुरुवातीला हे फार जड जाते. चांगल्या दिवशीही वेळ वाढवायचा नाही, हा यातला सर्वांत कठीण भाग.

दुसरी गोष्ट भाराची. लहान सांध्यांवरचा भार मोठ्या सांध्यांकडे न्यायचा. कॅमेरा बोटांत धरून चालू नये, छातीवरच्या पट्ट्यावर अडकवावा. पिशवी हाताच्या मुठीत न धरता दोन्ही खांद्यांवर आणि कमरेच्या पट्ट्यावर यावी. ट्रायपॉडच्या पायांना फोमची जाड नळी बसवली की पकड रुंद होते आणि बोटे घट्ट मिटावी लागत नाहीत. फिरवून आवळायच्या स्क्रूऐवजी खटका दाबून बंद होणारे पाय बहुतेकांना सोपे जातात. शटरसाठी तारेचे किंवा फोनवरचे दूरनियंत्रण वापरावे आणि जमिनीलगतच्या चित्रासाठी बाहेर वळणारा पडदा असलेला कॅमेरा घ्यावा, म्हणजे आडवे पडण्याची गरजच उरत नाही.

आंबोळगडकर
आडवे पडू नका हे मीही सांगणार होतो, पण वेगळ्या कारणाने. आमच्या सड्यांवर फुरसे हे विषारी साप पुष्कळ. रंग असा की सुक्या गवतात आणि जांभ्यावर पायाशी असले तरी दिसत नाही. सैल दगड हाताने उचलू नये, संध्याकाळी परतताना टॉर्च आणि घोट्यावर येणारे बूट असावेत.

सह्यभटक्या
निर्गुंडी, दोन थकव्यांमधला फरक तुम्ही स्पष्ट केलात, तो मी स्वीकारतो. माझा आग्रह इतकाच होता की अंतर, वेळ आणि वाट पाहणे हे दगडाच्या चित्राचे भाग आहेत. ते पायांनी दिले नाही तर दुसऱ्या कशाने तरी द्यावे लागेल. दगडफूल यांनी ते वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने दिले आहे, असे मला त्यांचा प्रतिसाद वाचून वाटले.

कुशावतीतीर
गोव्यातून लिहितो. आमच्या सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली चित्रे आहेत. बैल, हरणे आणि प्रसिद्ध चक्रव्यूह. १९९३ मध्ये अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले, गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणे गेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील हे एक आहे.

माझा मुद्दा प्रकाशाविषयी आहे. वेळ जुळत नाही म्हणून लोक खाचांत खडू किंवा चुना भरतात, पाणी ओततात, ब्रशने घासतात. कृपया असे काही कोणी करू नये. जांभा सच्छिद्र आहे, पृष्ठभाग खरवडला की कण निघतात आणि खाचेची धार कायमची बोथट होते. खडूने रेघ काढणारा माणूस स्वतःला दिसलेली रेघ काढतो, कोरणाऱ्याची नव्हे. नंतर तीच चूक छायाचित्रांतून अभ्यासात शिरते.

कातळवाट
कुशावतीतीर, पूर्ण सहमत आहे. खडूने भरलेल्या आकृत्या पाहिल्या की मन उदास होते. उन्हाची वेळ चुकली तर मी चित्र न काढता परत येते.

निर्गुंडी, ठरवलेल्या वेळी थांबण्याची सूचना मनावर घेते आहे. छातीवरचा पट्टा मागवला आहे. माझा जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि जड झूम लेन्स मिळून दोन किलोंच्या आसपास जातात. त्याऐवजी लहान सेन्सरचा कॅमेरा घ्यावा का, असा विचार चालू आहे. सड्यावर प्रकाश भरपूर असतो आणि बहुतेक चित्रे ट्रायपॉडवरच होतात, म्हणून फार काही गमवावे लागणार नाही असे वाटते. कोणी असा बदल केला असल्यास सांगावे.

दगडफूल
मी केला आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. दगडाच्या चित्रात समोरच्या खळग्यापासून दूरच्या काठापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते आणि लहान सेन्सरवर ती खोली तुलनेने सहज मिळते. फार मोठ्या छपाईत फरक दिसतो, पण हलका कॅमेरा रोज बरोबर येतो आणि जड कॅमेरा कपाटात राहतो. सूर्य मावळल्यावर काळ्या बेसॉल्टच्या सावल्यांमध्ये थोडा कण (नॉइज) दिसतो, तेव्हा तीन वेगवेगळ्या प्रकाशमानांची (एक्स्पोजरची) चित्रे घेऊन जोडतो.

पॅसिफिककाठ
कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परिसरात राहतो. या धाग्यावर अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. माझ्या घरापासून जवळच पॉइंट लोबोसचा खडकाळ किनारा आहे. एका बाजूला ग्रॅनाइटसारख्या ग्रॅनोडायोराइटचे करडे सुळके आणि दुसऱ्या बाजूला कार्मेलो फॉर्मेशन या खडकथराचे गोटे जडवलेले वालुकाश्म, समुद्राने झिजवून अक्षरशः कोरून काढलेले. वेस्टन यांनी १९२९ पासून तेथील खडक आणि सायप्रस वृक्ष टिपले. त्यांचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, म्हणजे लाकडी तिपाईसह उचलायला एक मोठे ओझेच. पुढे त्यांना पार्किन्सनचा आजार जडला. शेवटचे छायाचित्र त्यांनी १९४८ मध्ये पॉइंट लोबोसलाच काढले आणि त्याचा विषयही खडक आणि गोटे हाच होता. १९५८ मध्ये ते गेले.

मला महत्त्वाचा वाटतो तो मधला दहा वर्षांचा काळ. कॅमेरा हाती धरता येत नव्हता, पण काम थांबले नाही. १९५२ मध्ये त्यांच्या छायाचित्रणाच्या पन्नास वर्षांनिमित्त एक चित्रसंच निघाला, त्याची छपाई मुलगा ब्रेट याने केली. नंतर वडिलांनी स्वतः निवडलेल्या आठशेहून अधिक निगेटिव्हच्या प्रती त्यांच्या देखरेखीखाली मुलांनी काढल्या. कोणते चित्र ठेवायचे, त्यातली सावली किती गडद हवी, हे वडील ठरवत होते. आज त्यांचे काम ज्या नीटनेटक्या स्वरूपात पाहायला मिळते, त्यात या आजारपणातल्या वर्षांचा मोठा वाटा आहे.

कातळवाट, तुमच्याकडेही अनेक वर्षांच्या चित्रांचा साठा असणार. ज्या दिवशी सड्यावर जाता येत नाही, त्या दिवशी तो साठा लावणे हेही छायाचित्रणच आहे, असे मला मनापासून वाटते.

सह्यभटक्या
वेस्टन यांच्या शेवटच्या छायाचित्राबद्दल मला ठाऊक नव्हते, मनःपूर्वक धन्यवाद. मात्र त्यांच्याकडे छपाई करणारे जाणते मुलगे होते. आपल्याकडे बहुतेक जण एकटेच काम करतात. आपल्या चित्रातली सावली किती गडद असावी हे दुसऱ्याला सांगता येण्यासाठी आधी तो दुसरा तयार करावा लागतो.

हंपीवारी
थोडक्यात लिहितो. हृदयात स्टेंट बसवल्यानंतर मी हंपीचे ग्रॅनाइटचे गोल धोंडे टिपायला पुन्हा जाऊ लागलो. डॉक्टरांची परवानगी घेतली, उन्हाळ्याचे महिने पूर्णपणे सोडले. सूर्य गेल्यानंतरही तो दगड कितीतरी वेळ उष्णता सोडत राहतो, म्हणून हवेचे तापमान पाहून फसू नये. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवतो. एकटा जात नाही. बरोबर येणारा सोबती छायाचित्रकार नसला तरी चालतो, कंटाळा न करणारा असला म्हणजे झाले.

रात्रपाळी
ड्रोनचा विषय अजून निघाला नाही याचे आश्चर्य वाटते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ बाय १३ मीटरचा आहे आणि त्याच्या देहाच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभे राहून तो एका दृष्टिक्षेपात दिसतच नाही. ज्यांना चालणे कठीण आहे त्यांनी गाडीजवळ बसून ड्रोनने काम करावे, परवानगीचे नियम पाळून. शारीरिक श्रम जवळजवळ शून्य.

कातळवाट
ड्रोनने आराखडा उत्तम येतो, मीही एका मित्राकडून तशी चित्रे काढून घेतली आहेत. पण थेट वरून पाहिलेला सडा नकाशासारखा सपाट होतो. कातळ चढणीला कुठे लागतो, शिल्पापासून समुद्र दिसतो की नाही, कोरणारा माणूस ज्या उंचीवर बसला होता तेथून त्याला काय दिसले असेल, हे सर्व जमिनीच्या पातळीवरच कळते. माझे काम त्या पातळीवरचे आहे. पायी जाता येईनासे झाले तर विचार बदलेनही, आज मात्र तसे नाही.

आंबोळगडकर
मूळ लेखातील चिरेखाणींविषयी दोन शब्द लिहितो, कारण आमच्या घरातही खाणीचा पैसा आला आहे आणि कलमांच्या बागेचाही. जांभा नुकता कापलेला असताना मऊ असतो, हवा-उन्हात कठीण होत जातो, म्हणून चिरा घडवणे शक्य होते. आमच्या बाजूची घरे, देवळे, गडगे (दगडी कुंपणे) सगळे त्याचेच. बेसॉल्टवर लाखो पावसाळे आणि उन्हाळे गेले, सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, तेव्हा हा तांबडा दगड तयार झाला. अशा उघड्या सड्यावर भात पिकत नाही. ज्याची जमीन म्हणजे केवळ कातळ, तो माणूस चिरा विकतो किंवा कातळ फोडून कलम लावतो. सडा जपायचा तर त्या माणसाचा विचार आधी झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

त्याचबरोबर हेही सांगतो की पावसाळ्यात याच कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती येते, ते आता गावातली पोरे ओळखू लागली आहेत. काही ठिकाणी गावकऱ्यांनी शिल्पांभोवती स्वतः गडगे घातले. ताई, तुम्ही सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला आहे असे वाचताना जाणवले. कोणता सडा कधी खाणीला जाणार हे गावाला तुमच्या कितीतरी आधी ठाऊक असते. आम्हाला विचारत जा, म्हणजे सगळीकडे धावावे लागणार नाही.

कातळवाट
आंबोळगडकर दादा, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. चिरा घडवणारे कामगार माझ्या चित्रांत आजवर फार थोडे आले. यापुढे ते यावेत, त्यांच्या संमतीने, असे वाटते. आणि माहिती आधी मिळाली तर घाईचे ओझे खरोखर कमी होईल. भीती बरीचशी न कळण्यामुळे असते.

निर्गुंडी
एक पुरवणी जोडते. या आजारात अनेकांना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते आणि तिच्या दुसऱ्या दिवशी मळमळ किंवा गळाठा जाणवतो. छायाचित्रणाचा दिवस त्या दिवसापासून दूर ठेवावा. गोळीचा वार बदलायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जांभ्यावर खरचटलेली जखम लगेच धुऊन झाकावी, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध चालू असेल तर दृष्टिपटलाची (रेटिनाची) तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने न चुकता करावी. छायाचित्रकाराने तर ती अजिबात पुढे ढकलू नये.

मनाविषयीही लिहिते. सर्जनशील काम बंद केल्याने आजार बरा होत नाही, उलट बहुतेक रुग्ण अधिक खचतात. म्हणून "आधी तब्येत, मग कला" असा क्रम मी कोणालाही सांगत नाही. कामाची मात्रा ठरवून घ्यायची आणि ती सांभाळायची, एवढेच.

मावळतीचे_ऊन
धागा उशिरा वाचला. मूळ प्रश्नातील एका गृहीतकावर कोणीच बोट ठेवले नाही, म्हणून लिहितो. सकाळचे ऊन चुकले म्हणजे निम्मे काम चुकले, असे कातळवाट धरून चालल्या आहेत. भूमिती पाहिली तर ते तसे नाही.

खाच दिसते ती ऊन तिला आडवे छेदते तेव्हा. उन्हाच्याच दिशेने जाणारी खाच तिरप्या प्रकाशातही लपून राहते. म्हणून एका शिल्पासाठी वेगवेगळ्या दिशांचे ऊन लागते आणि त्यासाठी आपण सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही वेळा धरतो. पण मावळतीची जागा वर्षभर सरकत असते. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १७ अंश उत्तरेला, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पश्चिमेच्या जवळपास २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात २० अंशांहून अधिक उत्तरेला. एवढ्या कोरड्या हंगामात केवळ संध्याकाळच्या उन्हाची दिशा सुमारे ४५ अंशांनी बदलते. शिवाय डिसेंबरच्या सकाळी ऊन ज्या रेषेत येते, जवळजवळ त्याच रेषेत, फक्त उलट बाजूने, ते मे अखेरच्या संध्याकाळी येते. उजळणारी कड बदलेल, पण दिसणाऱ्या खाचा बहुतांशी त्याच राहतील. अर्थ असा की एका सूर्योदयाच्या बदल्यात काही महिन्यांनंतरचा सूर्यास्त घेता येतो.

हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य तिथे ५० अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे संध्याकाळचा उपयोगी काळ थोडा लांबतो. उलट मे महिन्याच्या पूर्वार्धात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा दुपारी सड्यावर काहीही हाती लागत नाही. जिथे ऊन पोहोचतच नाही तिथे तिन्हीसांजेला कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दुसऱ्याने जमिनीलगत दिवा धरावा आणि शिल्पाभोवती फिरवत प्रत्येक दिशेचे एकेक चित्र घ्यावे. दगडाला हात लागत नाही आणि छायाचित्रकाराला उठबस करावी लागत नाही.

देवाचे गोठणे येथील कातळशिल्पावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिथल्या कातळावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, म्हणून फोनमधल्या होकायंत्रावरून उन्हाची दिशा ठरवू नये. नकाशावरून आधीच रेषा आखून न्यावी.

दगडफूल
हे फार उपयोगी आहे. निघोजच्या खळग्यांनाही हाच हिशेब लावून पाहतो, कारण तिथे सकाळी उतरणे माझ्या गुडघ्यांना जड जाते.

सह्यभटक्या
या उत्तरात प्रतीक्षा आहे आणि मला ती हवी होती. सहा महिने एका उन्हाची वाट पाहणे हे गड चढण्याहून कमी नाही, असे मी आनंदाने म्हणतो.

कातळवाट
मावळतीचे_ऊन, तुमचे मनापासून आभार. सूर्योदय गमावल्याचे दुःख मी किती दिवस मनात बाळगून होते आणि त्याचा हिशेब करून पाहावा असे सुचले नव्हते.

सगळ्यांचे वाचून पुढील हंगामासाठी असे ठरवते आहे. सकाळी सड्यावर जाणे बंद. दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत फक्त संध्याकाळी, गोळीचा दुसरा दिवस टाळून, आणि परतायची वेळ आधी सांगून. ठिकाणे मोजकी घेणार आहे. बारसूचा दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस आणि देवीहसोळचे कातळशिल्प यांवर इतर अनेक जण चांगले काम करत आहेत, म्हणून ती सोडते. ज्या सड्यांवर शिल्प नाही आणि म्हणून ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, ते घेते, कारण खाणीला पहिले तेच जातात. दिवा धरायला माझी भाची येणार आहे. तिला छायाचित्रणात रस आहे, तेव्हा सावली किती गडद हवी याचे शिक्षणही त्याच वेळी सुरू होईल. पावसाळ्यात घरी बसून जुन्या चित्रांना गाव, सडा, महिना आणि उन्हाची दिशा अशी नोंद जोडायची आहे.

आंबोळगडकर दादा, तुमच्या माहितीतले कोणते सडे येत्या वर्षात जाण्याची शक्यता आहे, ते कळवाल का? जागेची नावे येथे उघडपणे न लिहिता व्यक्तिगत निरोपातून पाठवावीत, ही विनंती.

आंबोळगडकर
ताई, तीन जागांची माहिती निरोपातून पाठवली आहे. त्यांपैकी पहिली जागा आधी घ्या. तिथे मोजणी झाली आहे, पण पावसाळा संपेपर्यंत यंत्र चढणार नाही. गाडी कातळाच्या कडेपर्यंत जाते, पुढे साधारण सपाट आहे. मालक माझे नातेवाईक आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवले आहे. फक्त यायच्या आधी एक दिवस कळवा, म्हणजे मी आणि माझा मुलगा बरोबर येऊ.